बिनतारी माऊस का अडखळतो?

एप्रिल संपत आला होता. नागपुरातील एका शाळेच्या कार्यालयात शाळा सोडल्याचे दाखले तयार करण्याचे काम चालू होते. आम्ही तेथे वेगळ्याच कामासाठी गेलो होतो. पण मुख्याध्यापिका मॅडमनी पाण्याचा पेला हाती देतादेताच एक दाखला आमच्यापुढे ठेवला. त्यावर एका मुलीची जन्मतारीख १ ऑगस्ट अशी छापली होती. जनरल रजिस्टरमध्ये ती ११ ऑगस्ट होती. कार्यालयातील बाबूंनी ११ असेच टाइप केले होते. त्यातला एक 'एक' कीबोर्डने गिळला होता.

कीबोर्ड आणि माऊस दोन्ही बिनतारी होते. सकाळी ते नीट चालत. दुपारी मात्र आकडे गळत, कधी एकच आकडा चार-पाच वेळा उमटे, आणि माऊसचा बाण पडद्यावर उड्या मारत जाई. सेल दोनदा बदलून झाले होते. आता नवा संच घ्यावा असे घाटत होते. "सर, कूलर लावला का हे असं होते," बाबू म्हणाले. "कूलर बंद असला तर कीबोर्ड चांगला." यावर कार्यालयातील सर्वांचे एकमत होते.

आधार क्रमांक टाइप करताना एखादा आकडा गळला तर ते लगेच समजते. त्यात बारा आकडे असावेच लागतात, आणि शेवटचा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून गणिताने ठरलेला असतो. जन्मतारखेवर असा पहारा नाही. ११ ऑगस्टची १ ऑगस्ट झाली तरी ती कॅलेंडरातली खरी तारीख असते, त्यामुळे संगणक हरकत घेत नाही. तीच तारीख पुढच्या शाळेत जाते, तेथून दहावीच्या प्रमाणपत्रावर जाते, आणि मग ती दुरुस्त करण्यासाठी पालकांना खेटे घालावे लागतात. म्हणून या बिघाडाकडे 'यंत्राचा लहरीपणा' म्हणून पाहून चालणार नव्हते. कूलरवर ठेवलेला आळ खरा की खोटा, हे पाहायचे आम्ही ठरवले.

कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत

बिघाड शोधायचा तर आधी गोष्ट नीट चालते कशी हे माहीत हवे. बिनतारी कीबोर्डमध्ये एक छोटा रेडिओ प्रेषक असतो. आपण कळ दाबली की तो 'अमुक कळ दाबली' असा संदेश पाठवतो, आणि बोट उचलले की 'सर्व कळा सोडल्या' असा दुसरा संदेश पाठवतो. संगणकाच्या यूएसबी खाचेत नखाएवढा रिसीव्हर खोचलेला असतो. तो हे संदेश पकडतो आणि संगणकाला देतो.

माऊसचे काम थोडे निराळे आहे. त्याच्या पोटात एक दिवा आणि एक इवलासा कॅमेरा असतो. दिव्याच्या उजेडात हा कॅमेरा टेबलाच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे घेतो. लागोपाठच्या चित्रांतले बारीक ठिपके, रेषा आणि खडबडीतपणा किती सरकला यावरून माऊस किती व कोणत्या दिशेने हलला हे ठरते. तेवढे आकडे रेडिओ संदेशातून रिसीव्हरकडे जातात.

प्रत्येक संदेशासोबत तपासणीचे काही आकडे जोडलेले असतात, जवळजवळ आधार क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यासारखेच. वाटेत संदेश बिघडला तर ते आकडे जुळत नाहीत आणि रिसीव्हर तो संदेश टाकून देतो. बहुतेक संचांत रिसीव्हर 'पोचला' अशी पावतीही पाठवतो. पावती आली नाही तर कीबोर्ड तोच संदेश पुन्हा पाठवतो, आणि काही प्रयत्नांनंतर नाद सोडतो.

आता लक्षणांचा अर्थ लागू लागतो. 'कळ दाबली' हा संदेश हरवला तर अक्षर गळते. 'कळा सोडल्या' हा संदेश हरवला तर संगणकाला वाटते की कळ अजून दाबलेलीच आहे, आणि ५ च्या जागी ५५५५ उमटते. माऊसचे मधले काही संदेश हरवले तर बाण थबकतो आणि पुढचा संदेश पोचताच एकदम उडी घेतो. मात्र ५ ऐवजी ८ उमटणे हे रेडिओच्या वाटेवर सहसा घडत नाही, कारण बिघडलेला संदेश आत घेतलाच जात नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा: अक्षरे हरवतात की बदलतात? इंग्रजी 'पी'ची कळ दाबली आणि 'प'ऐवजी 'ज' उमटला, तर कीबोर्ड बिघडलेला नाही. संगणकावर इन्स्क्रिप्ट ही मांडणी चालू आहे. त्या मांडणीत 'ज' त्याच कळेवर असतो आणि 'प' हा 'एच'च्या कळेवर. वर्गात अशी तक्रार आली की आधी भाषेची मांडणी पाहावी.

सर्वांसाठी खुला रस्ता

आजचे बहुतेक बिनतारी माऊस आणि कीबोर्ड २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात. म्हणजे लहरीची सेकंदाला सुमारे २४० कोटी आंदोलने. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. भागाकार केला की लहरीची लांबी येते ०.१२५ मीटर, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

रेडिओ लहरींचे पट्टे बहुधा परवाना घेऊनच वापरावे लागतात. पण १९४७ साली अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेत काही पट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यकातील उपकरणांसाठी राखून ठेवण्यात आले. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यांपैकी एक. भारतात २००५ सालच्या नियमांनी २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी शक्तीची उपकरणे परवान्याशिवाय वापरण्यास मोकळीक मिळाली. त्यामुळे माऊस विकत घेताना आपल्याला कोणत्याही कचेरीत अर्ज करावा लागत नाही.

मोकळा रस्ता मिळाला की त्यावर गर्दीही होते. वाय-फाय, ब्लूटूथ, मोबाइलचा हॉटस्पॉट आणि मायक्रोवेव्ह ओव्हन ही सारी मंडळी याच पट्ट्यात वावरतात. (मायक्रोवेव्ह ओव्हनची २.४५ गिगाहर्ट्झ ही पाण्याच्या रेणूची खास वारंवारता आहे असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. पाणी या लहरी शोषते हे खरे, पण ते इतर अनेक वारंवारतांनाही शोषते. हा पट्टा मोकळा होता, हे निवडीमागचे मोठे कारण.)

या गर्दीत माऊसचा आवाज सर्वांत बारीक. त्याची प्रेषणशक्ती साधारण एक मिलिवॉट असते. वाय-फाय राउटरची सुमारे शंभर मिलिवॉट असू शकते. एवढ्या गोंगाटात निभाव लागावा म्हणून या उपकरणांना जागा बदलत राहण्याची युक्ती शिकवलेली असते. नेहमीचे ब्लूटूथ हा पट्टा ७९ कप्प्यांत विभागते आणि सेकंदाला १६०० वेळा कप्पा बदलते. एका कप्प्यात गोंगाट असला तर पुढच्या क्षणी दुसऱ्या कप्प्यात बोलायचे. ही युक्ती बहुतेक वेळा पुरते. जेव्हा पुरत नाही, तेव्हा आपला माऊस अडखळतो.

आधी विभागणी, मग दुरुस्ती

बिघाड शोधताना आपण फार घाई करतो. सेल बदलतो, रिसीव्हर काढून घालतो, संगणक बंद करून चालू करतो, आणि हे सारे एकदमच करतो. मग बिघाड गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि आठ दिवसांनी तो परत येतो. त्याऐवजी एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय झाले ते लिहून ठेवावे. पुढचे तीन प्रश्न याच क्रमाने विचारले तर अर्धे काम होते.

पहिला प्रश्न: त्याच संगणकाला तारेचा माऊस जोडला तर काय होते? तोही अडखळत असेल, तर दोष संगणकाचा आहे. कदाचित तो कामाच्या ओझ्याखाली दबला असेल. रेडिओच्या मागे लागण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न: हाच बिनतारी संच दुसऱ्या खोलीतल्या, दुसऱ्या संगणकाला लावला तर काय होते? तेथेही बिघाड असेल तर दोष संचात किंवा सेलमध्ये आहे. तेथे तो नीट चालला तर दोष मूळ जागेत किंवा मूळ संगणकात आहे.

तिसरा प्रश्न: माऊस आणि कीबोर्ड दोघेही बिघडतात की एकच? दोघांचा रिसीव्हर एकच असेल आणि दोघेही एकाच वेळी अडखळत असतील, तर दोष दोघांच्या सामाईक वाटेवर शोधावा. एकटा माऊसच बिघडत असेल तर त्याचे सेल, त्याचा कॅमेरा आणि त्याखालचा पृष्ठभाग पाहावा.

एकटा कीबोर्ड भरभर टाइप केलेली अक्षरे गिळत असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. विंडोज प्रणालीत उजवीकडची शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून धरली की 'फिल्टर कीज' नावाची सोय चालू करण्याबद्दल विचारणा होते. हात थरथरणाऱ्यांसाठी केलेली ही सोय ओझरते आणि लागोपाठचे दाब मुद्दाम दुर्लक्षिते. कोणीतरी नकळत 'होय' म्हटले असेल, तर चांगला कीबोर्डही बिघडल्यासारखा वाटतो.

शाळेत आम्ही हे तीन प्रश्न विचारले. तारेचा माऊस दुपारीही नीट चालला. बिनतारी संच संगणक कक्षात नेला, तेथे तोही नीट चालला. आणि मूळ जागी माऊस व कीबोर्ड दोन्ही अडखळत होते. म्हणजे संगणक निर्दोष, संच निर्दोष. दोष जागेत होता. नव्या संचाचा खर्च तेथेच वाचला.

सेलची खरी परीक्षा

या शाळेत सेलचा दोष नव्हता. पण इतरत्र बहुधा तोच असतो, म्हणून त्याची परीक्षा नीट समजून घेऊ. मल्टिमीटरवर १.४ व्होल्ट दिसले की आपण सेल चांगला मानतो. पण मल्टिमीटर सेलकडून जवळजवळ काहीच काम करून घेत नाही. बसलेल्या माणसाची ताकद त्याच्याकडे पाहून ठरवावी तसे हे झाले. सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो, आणि काम सांगितले की त्याचे विभवांतर खाली येते.

ही परीक्षा वर्गात सहज करता येते. आधी सेलचे विभवांतर नुसते मोजा. मग त्याच्या दोन टोकांना १० ओहमचा रोध एक-दोन सेकंद जोडून पुन्हा मोजा. समजा, आधी १.४० व्होल्ट होते आणि रोध जोडल्यावर १.०० व्होल्ट झाले. तर विद्युतप्रवाह १.०० भागिले १०, म्हणजे ०.१० अँपिअर. विभवांतराची घट ०.४० व्होल्ट. म्हणून अंतर्गत रोध ०.४० भागिले ०.१०, म्हणजे ४ ओहम. नव्या अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोध अर्ध्या ओहमहूनही कमी असतो. हा सेल भिंतीवरच्या घड्याळात आणखी काही महिने चालेल, पण माऊसमधून काढलेला बरा. पुन्हा भारता येणारे निकेलचे सेल मुळातच १.२ व्होल्टचे असतात. त्यांना तेवढ्यावरून बाद करू नये.

विदर्भातल्या शाळांसाठी एक खास सूचना. उन्हाळी सुट्टीत आपल्या खोल्या बंद राहतात, आणि नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उष्णतेत सेलमधील रासायनिक क्रिया आपोआप वेगाने चालतात, आणि जुने सेल पाझरण्याची भीती वाढते. जूनअखेर शाळा उघडल्यावर कीबोर्डच्या स्प्रिंगांवर पांढरी भुकटी दिसते ती याचीच खूण. अल्कलाइन सेलमधले पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येते आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून पोटॅशियम कार्बोनेट बनते. हे दोन्ही आम्लारीधर्मी आहेत, म्हणून कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पुसले की भुकटी निघते. नंतर कोरड्या फडक्याने स्वच्छ करावे. हे काम मुलांना देऊ नये. सर्वांत सोपा उपाय म्हणजे सुट्टी लागण्याच्या दिवशी सेल काढून ठेवणे.

काचेचे टेबल

कार्यालयातल्या टेबलावर काच असते आणि काचेखाली वेळापत्रक, सुट्ट्यांची यादी, एखाद्या देवाचे चित्र. माऊसच्या कॅमेऱ्याला ही जागा अवघड जाते. स्वच्छ काचेवर ठिपके वा खडबडीतपणा नसतो, त्यामुळे लागोपाठच्या दोन चित्रांत सरकलेले असे काही सापडत नाही. मग बाण थबकतो किंवा भरकटतो. माऊसखाली जुन्या मासिकाचा अंक किंवा खरखरीत पुठ्ठा ठेवून पाहावा. तेवढ्याने माऊस सुधारला, तर दोष काचेचा. कॅमेऱ्याच्या भोकात अडकलेला एखादा केसही हाच गोंधळ करतो, म्हणून माऊस उलटा करून तेही पाहावे.

लोखंडाची सावली

आता जागेच्या दोषाकडे वळू. विदर्भाने ज्या ५८५ किलोहर्ट्झवर वर्षानुवर्षे आकाशवाणी नागपूर ऐकले, त्या लहरीची लांबी सुमारे ५१३ मीटर होती. एवढ्या लांब लहरीपुढे एखादे कपाट म्हणजे नदीतला खडा. ती त्याला वळसा घालून पुढे जाते. आपल्या माऊसची लहर साडेबारा सेंटिमीटरची आहे. तिच्यापुढे दोन मीटर उंचीचे लोखंडी कपाट किंवा सीपीयूचा पत्र्याचा डबा म्हणजे भिंतच. ती पत्र्यावरून परावर्तित होते आणि मागे सावली पडते. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर असल्यामुळे तेही या लहरी शोषते.

शिवाय परावर्तित लहर आणि थेट आलेली लहर यांचे व्यतिकरण होते. काही ठिकाणी त्या एकमेकींना बळ देतात, काही ठिकाणी एकमेकींना मारतात. अशा दोन मारक जागांतले अंतर बहुधा अर्ध्या तरंगलांबीच्या, म्हणजे सुमारे सहा सेंटिमीटरच्या घरात असते. म्हणूनच रिसीव्हर चार बोटे सरकवला की मेलेला माऊस कधीकधी जिवंत होतो. यात चमत्कार काही नाही.

शेजारचा गोंगाट

रिसीव्हरला ऐकू न येण्याचे दुसरे कारण म्हणजे शेजारी चाललेला गोंगाट. संगणकाच्या निळ्या रंगाच्या यूएसबी खाचा वेगवान असतात. त्यांतून सेकंदाला ५ अब्ज बिट या गतीने माहिती धावते. इतक्या भरभर बदलणाऱ्या विद्युतसंकेतांतून आजूबाजूला रेडिओ गोंगाट पसरतो, आणि तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही येतो. इंटेल कंपनीने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या टिपणात हे मोजून दाखवले होते. अशा खाचेत हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह असेल आणि त्याला चिकटून माऊसचा रिसीव्हर असेल, तर रिसीव्हरची स्थिती वरातीच्या बँडशेजारी उभे राहून कुजबूज ऐकणाऱ्या माणसासारखी होते.

मोबाइलच्या हॉटस्पॉटचेही तसेच. आपण फोन नेमका कीबोर्डशेजारी ठेवतो. लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. रिसीव्हरपासून २० सेंटिमीटरवरचा फोन २ मीटरवर नेला, तर अंतर दहापट होते आणि गोंगाट शंभरावा हिस्सा उरतो. एवढा फायदा देणारा बिनपैशाचा उपाय क्वचितच सापडेल.

कूलरचे काय झाले?

आता त्या कार्यालयात परत जाऊ. कूलरवरचा आळ आम्हांला पटत नव्हता. कूलरच्या मोटारीला मिळणारी वीज ५० हर्ट्झची. त्याच्या बटणात ठिणगी पडली तर रेडिओ गोंगाट होतो, पण तो मुख्यतः खालच्या वारंवारतांचा आणि क्षणभराचा. कूलरमुळे हवा दमट होते हे खरे, पण एक-दोन मीटर दमट हवेत या लहरी जाणवण्याइतक्या शोषल्या जात नाहीत. तरीही बाबूंचे निरीक्षण खोटे नव्हते. कूलर चालू झाला की कीबोर्ड बिघडत होता, हे आम्हीही पाहिले.

आम्ही एक चाचणी ठरवली. एकाच व्यक्तीने, एकाच गतीने १ पासून ० पर्यंतचे दहा आकडे दहा वेळा टाइप करायचे. शंभर आकडे उमटले पाहिजेत. किती कमी-जास्त झाले ते मोजायचे. कूलर चालू ठेवून ही चाचणी केली, आकडे गळले. मग कूलर बंद केला. बाबूंच्या म्हणण्याप्रमाणे आता कीबोर्ड सुधारायला हवा होता. पण आकडे पूर्वीसारखेच गळत राहिले.

सगळे बुचकळ्यात पडले. तेवढ्यात शिपाईकाका म्हणाले, "टेबल जागेवर घेऊ का सर? कूलर तर बंद झाला." तेव्हा उलगडा झाला. कूलर खिडकीत होता. तो लावला की त्याचा झोत थेट टेबलावर येई, कागद उडत, संगणकावर तुषार पडत. म्हणून रोज कूलर लावण्याआधी चाकांचे ते टेबल ढकलून लोखंडी कपाटाच्या आडोशाला नेत, आणि कूलर बंद झाला की परत आणत. ही गोष्ट रोजच्या सवयीची असल्यामुळे कोणाला सांगावीशी वाटली नव्हती.

मग आम्ही चारही शक्यता तपासल्या. टेबल मूळ जागी आणि कूलर बंद: सर्व आकडे बरोबर. टेबल मूळ जागी आणि कूलर चालू: तरीही सर्व बरोबर. टेबल कपाटापाशी आणि कूलर चालू: आकडे गळले. टेबल कपाटापाशी आणि कूलर बंद: तरीही गळले. कूलरने काही फरक पडत नव्हता. टेबलाच्या जागेने पडत होता.

टेबल सरकवले की सीपीयूची पाठ कपाटाला जवळजवळ टेकत असे. रिसीव्हर पाठीमागच्या खाचेत होता, म्हणजे पत्र्याचा डबा आणि लोखंडी कपाट यांच्या फटीत. त्याला लागूनच निळ्या खाचेत हार्ड डिस्क कायमची जोडलेली होती. मूळ जागी कीबोर्डचा संदेश डिस्कच्या गोंगाटातूनही ऐकू येई. कपाटाच्या सावलीत तो क्षीण होई आणि गोंगाटात बुडून जाई. डिस्क काढल्यावर कपाटापाशीही आकडे कमी गळले, यावरून दोन्ही कारणे एकत्र काम करत होती हे स्पष्ट झाले.

उपाय अगदी साधा निघाला. यूएसबीची मीटरभर लांबीची एक्स्टेंशन वायर घेतली आणि रिसीव्हर टेबलावर, कीबोर्डच्या समोर आणून ठेवला. टेबल कपाटापाशी, कूलर चालू, डिस्क जोडलेली, तरी शंभरपैकी शंभर आकडे उमटले. त्यानंतर मॅडमनी त्या आठवड्यात टाइप झालेले सर्व दाखले मागवले आणि जन्मतारखा जनरल रजिस्टरशी एकेक करून पडताळायला घेतल्या. आमच्या मते त्या दिवशीचे सर्वांत महत्त्वाचे काम ते होते. कीबोर्ड दुरुस्त झाला म्हणून आधी झालेल्या चुका आपोआप दुरुस्त होत नाहीत.

वर्गासाठी

दोन गोष्टी एकत्र घडतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे आपण मुलांना सांगतो. पण ते हाताने करून पाहण्याची संधी पाठ्यपुस्तकात फारशी मिळत नाही. बिनतारी कीबोर्ड ही संधी देतो. शंभर आकड्यांची चाचणी घेऊन मुलांच्या गटांना वेगवेगळे संशयित वाटून द्यावेत: एका गटाला अंतर, एकाला स्टीलचा डबा, एकाला पाण्याची बादली, एकाला मोबाइलचा हॉटस्पॉट. रिसीव्हर स्टीलच्या डब्याने झाकला तर काय होते? पुठ्ठ्याच्या खोक्याने झाकला तर? आधी अंदाज लिहावा, मग एकच गोष्ट बदलून चाचणी करावी, आणि प्रत्येक चाचणी निदान तीनदा करावी.

नागपूरकरांना २०२४ सालच्या मेअखेरची एक बातमी आठवत असेल. शहरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले होते. इतर काही केंद्रांचे आकडे त्याहून पुष्कळ खाली होते. पुढे हवामान खात्याने त्या केंद्राचा संवेदक सदोष असल्याचे सांगितले. तेथे वापरलेली रीत आणि आपली रीत एकच आहे: एका यंत्राचे म्हणणे दुसऱ्याशी ताडून पाहायचे. आपण संच दुसऱ्या खोलीत नेऊन पाहिला तो यासाठीच.

संगणक कक्षात वीस-पंचवीस संगणक शेजारी शेजारी असतील, तर आमची शिफारस तारेच्या माऊसची आणि कीबोर्डचीच आहे. बिनतारी संच फळ्यापासून लांब उभे राहून शिकवणाऱ्या शिक्षकाला सोयीचा. आणि ज्या टेबलावर मुलांच्या जन्मतारखा टाइप होतात, तेथे कीबोर्ड कोणताही असो, छापण्याआधी एकाने रजिस्टर वाचावे आणि दुसऱ्याने पडदा पाहावा.